ग्रीक मिथकांतील ऑलिव्हचा अर्थ कसा लावावा

ऑलिव्ह म्हणजे शांतता, एवढेच समीकरण मनात धरून ग्रीक मिथके वाचायला घेतली तर लवकरच अडखळायला होते. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात नायक ओडिसियस पॉलिफिमस या राक्षसाचा एकुलता एक डोळा फोडतो तो ऑलिव्हच्याच टोकदार, तापवलेल्या सोटाने, तिथे शांततेचा अर्थ ओढूनताणूनही बसत नाही.

म्हणून आधी झाडाचा स्वभाव पाहावा. ऑलिव्ह शेकडो वर्षे जगते आणि खोड जळाले तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. अथेन्सच्या मालकीसाठी समुद्रदेव पोसायडनने त्रिशूळ मारून खारे पाणी काढले, तर अथीना देवीने ऑलिव्ह उगवले आणि ती जिंकली. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सैन्याने अथेन्सचे टेकडीवरील मंदिरस्थान अ‍ॅक्रोपोलिस जाळले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिथल्या याच झाडाला हातभर लांबीचा कोंब फुटलेला दिसला, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. या कथेत झाड म्हणजे नगराची चिवट हयात होय.

पुढे ऑलिव्ह रानटी आहे की लागवडीचे, हे तपासावे. ऑलिंपियातील क्रीडास्पर्धांच्या विजेत्याचा मुकुट रानटी ऑलिव्हचा असे. अथेन्सच्या पॅनअथेनिक स्पर्धांत मात्र अथीनाच्या पवित्र झाडांचे तेल कुंभ भरभरून बक्षीस मिळे. पहिल्यात केवळ मान होता, दुसऱ्यात नगराची संपत्तीही होती.

मग फांदी कोणाच्या हातात आहे, ते पाहावे. लोकर गुंडाळलेली फांदी घेऊन आलेला शरणार्थी देवांचा राजा झ्यूस याच्या संरक्षणाखाली येई; शांततेचा रूढ अर्थ इथेच सर्वांत जवळ येतो.

सर्वांत अधिक वेळ मात्र ओडिसियसच्या पलंगाला द्यावा. त्याने जिवंत, मुळे रोवून उभ्या असलेल्या ऑलिव्हच्या बुंध्याचा खांब करून पलंग घडवला आणि त्याभोवती शयनगृह बांधले. वीस वर्षांनी परतलेल्या पतीची पारख करण्यासाठी पेनेलोपी तो पलंग बाहेर हलवायला सांगते, आणि ते अशक्य असल्याचे ठाऊक असलेला ओडिसियस संतापतो. त्या संतापातच तिला त्याची ओळख पटते. माझ्या मते या झाडाचा याहून नेमका उपयोग ग्रीक वाङ्मयात दुसरा नाही, कारण इथे प्रतीक वरून चिकटवलेले नसून कथेची कळच त्यावर फिरते.

आजच्या ग्रीसमध्ये दृष्ट काढताना पाण्यात ऑलिव्ह तेलाचे थेंब सोडतात आणि बाप्तिस्म्यात बाळाच्या अंगाला तेच तेल लावतात. या चालींचा अर्थ लावताना थेट अथीनापर्यंत उडी न मारता ख्रिस्ती परंपरेचा वाटा आधी वेगळा काढावा.