गावाला जायच्या आधी मीटरचा लाल दिवा मोजा

मागच्या मे महिन्यात आठ दिवस गावाला गेलो, फ्रीज रिकामा करून बंद केलेला, तरी परत येऊन बघतो तर मीटर 9 युनिट पुढे. म्हणजे घरात कोणी नाही आणि जवळपास 47 वॉट रात्रंदिवस चालूच. आता जायच्या दोन दिवस आधी आम्ही ही तपासणी करतोच, तुम्हीपण करा.

कागद पेन, मोबाईलचं स्टॉपवॉच, एक जण मीटरपाशी, एक जण घरात, बास. मीटरवर 3200 इम्प असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट (काहींवर 1600 असतं, ते आधी बघून घ्या). पहिल्यांदा मेन स्विच बंद करा (घरात ऑक्सिजनचं मशीन वगैरे चालू असेल तर ही पायरी सोडा), दिवा थांबायलाच पाहिजे, नाही थांबला तर मीटर आणि मेनच्या मधूनच कुठेतरी वायर गेलीय, लायसनवाल्या वायरमनला बोलवा. मग मेन परत चालू. इन्व्हर्टरची बॅटरी फुल होऊ द्या, नाहीतर चार्जिंगचाच आकडा दिसत राहतो आणि सगळा हिशोब चुकतो. रात्री झोपताना जसं ठेवता तसं घर ठेवा, फक्त फ्रीजचा प्लग काढा, अर्ध्या तासात काही खराब होत नाही, दार उघडू नका म्हणजे झालं. घरात ऑक्सिजनचं मशीन वगैरे असेल तर त्याला अजिबात हात लावायचा नाही.

आता दोन लुकलुकीतले सेकंद मोजा, 3200 च्या मीटरला 1125 भागिले सेकंद म्हणजे वॉट. आमच्याकडे दर 24 सेकंदांना. मग एकेक बटण बंद करत परत मोजा. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स काढला आणि 24 चे 34 सेकंद झाले, म्हणजे एकटा तो 14 वॉट, महिन्याला 10 युनिट! रिमोटने बंद केला तरी आतून चालूच असतो हो, सकाळी उठल्यावर वरून हात लावून बघा, गरम लागतो. मोबाईलच्या रिकाम्या चार्जरला लोक उगाच घाबरतात, तो फारच थोडं खातो. एसी नुसता रिमोटने बंद करून भागत नाही, त्याची एमसीबी (बोर्डातला त्याचा वेगळा स्विच) पाडा. स्टॅबिलायझर, वायफाय, मायक्रोवेव्हचं घड्याळ, सगळं बटणावरून. इन्व्हर्टर निघायच्या दिवशीच, बॅटरी फुल असताना समोरच्या बटणावरून आणि प्लगवरून दोन्हीकडून बंद.

आणि मोजणी झाली की फ्रीजचा प्लग लगेच परत लावा, या गडबडीत तोच राहून जातो.