डोंगर उतरताना सायकल का घसरते? या चुका टाळा

पावसाळा सरला की नवी मुंबईत खारघरच्या टेकड्यांवर आणि पारसिकच्या डोंगरावर सायकली दिसू लागतात. चढण दम काढते, पण माणूस पडतो तो उतरताना. बहुतेक वेळा वाटेपेक्षा भीतीच जास्त घात करते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अंग पार मागच्या चाकावर नेणं. तीव्र उतार दिसला की ते आपोआप होतं. मग पुढच्या चाकावर वजनच उरत नाही, सुट्या खडीवर ते सरकतं आणि हँडल वळवलं तरी सायकल वळत नाही. सीट खाली घ्या. दोन्ही पेडल आडवी ठेवून उभे राहा, गुडघे-कोपर सैल, छाती खाली, सगळा भार पायांवर. हातांवर भार आला तर तुम्ही जास्त पुढे आलात, हात ताणले गेले तर जास्त मागे गेलात.

दुसरी चूक, फक्त मागचा ब्रेक दाबणं. ‘पुढचा दाबलास तर उलटशील’ हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. पण उतारावर वजन पुढे येतं, त्यामुळे वेग आवरतो तो पुढचाच ब्रेक. मागचं चाक हलकं होऊन लॉक होतं, फरफटतं आणि वाटही उकरतं. पुढचा ब्रेक एका बोटाने, दाब हळूहळू वाढवत वापरा. दगडाची पायरी येण्याआधी वेग कमी करा आणि चाक पायरीवरून उतरताना ब्रेक सोडा. माणसं उलटतात ती नेमकी तिथे करकचून दाबल्यामुळे. सायकल मित्राची असेल तर पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते सपाटीवरच बघून घ्या, सगळ्यांचा सारखा नसतो.

डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या धातूच्या चकतीला दोन पॅडनी दाबणारा ब्रेक, किंचाळतोय आणि धरत नाही? बहुधा चेनचं तेल डिस्कवर उडालंय. आयसोप्रोपिल अल्कोहोलने डिस्क पुसा, पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड बदला. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवला तरी तो तापून ढिला पडतो. थांबून गार होऊ द्या, डिस्कला हात मात्र लावू नका.

पंक्चर काढताना ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका. हवा कमी असल्याने दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली आहे. उलट सायकल दगडादगडावर उसळत असेल तर हवा जास्त आहे, थोडी सोडा.

ऑक्टोबरात उंच गवतात दगड लपलेले असतात, म्हणून अनोळखी वाट आधी पायी उतरून बघा. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या वाटा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतात. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नका.