हवेचे बूट: दाब किती, वेळ किती, आणि कुठे बिघडतं

हवेचे बूट म्हणजे मांडीपर्यंत चढवायचे, पंपाने कप्प्यांत हवा भरून पाय दाबणारे बूट. मॅरेथॉन संपवून घरी आल्या आल्या ते चढवायची घाई करू नका. आधी दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाला, लिंबूपाणी किंवा ताक मीठ घालून प्या, पोटाला काहीतरी द्या, आंघोळ उरका. पोटरीत गोळे येत असतील तर ते पूर्ण शांत होऊ द्या. गोळा आलेल्या स्नायूवर दाब पडला की तो पुन्हा आवळू शकतो. बूट घालायचे ते दोन-तीन तासांनी, नाहीतर रात्री झोपण्याआधी. आणि हो, आधी लघवीला जाऊन या. पायांत उतरलेलं पाणी वर सरकायला लागतं, आणि मांडीपर्यंत बुटांत अडकल्यावर ते लक्षात येऊन उपयोग नसतो.

यंत्राचं काम साधं आहे. चालताना पोटरी आवळली की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं आणि शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. बूट हेच बाहेरून करतात: आधी तळपायाचा कप्पा फुगतो, मग घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, आणि शेवटी सगळे रिकामे होतात. शस्त्रक्रियेनंतर खाटेला खिळलेल्या रुग्णाच्या पायांत गुठळी होऊ नये म्हणून रुग्णालयांत हीच युक्ती वापरतात. धावणाऱ्यांना यातून मिळतं ते एवढंच की पाय हलके वाटतात आणि ठणका कमी जाणवतो. उतारावर धावून मांडीच्या पुढच्या स्नायूंना जी बारीक इजा होते, ती हवेने भरून येत नाही. तिला झोप, जेवण आणि चार दिवस लागतात. ‘लॅक्टिक ॲसिड बाहेर काढतं’ हे जाहिरातीतलं वाक्य तर सोडूनच द्या. ते धाव थांबल्यावर तासा-दीड तासात आपोआप उतरतं, आणि दुसऱ्या दिवशीची दुखी त्याच्यामुळे नसतेच.

एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त सुजलाय, पोटरी गरम लागतेय, दाबल्यावर दुखतेय, असं असेल तर बूट बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. शिरेत गुठळी असू शकते आणि दाबाने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. लांबच्या विमान प्रवासानंतर ही शंका जास्त घ्यायची. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स ही लांब पल्ल्याची शर्यत धावून परतणाऱ्या मंडळींनी तर नक्कीच. हृदय कमकुवत असणं, पायाच्या धमन्या अरुंद असणं, त्वचेत जंतुसंसर्ग, उघडी जखम, ताजं फ्रॅक्चर, यांत हे यंत्र वापरायचं नाही. मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील किंवा पायावर फुगलेल्या निळ्या शिरा असतील, तर आधी विचारा, मग घाला.

आता प्रत्यक्ष कृती. पैंजण, जोडवी, खिशातल्या किल्ल्या, मोबाइल, सगळं काढा. फुगलेला कप्पा जोडव्याची नक्षी बोटावर उठवतो. पातळ सुती पायजमा किंवा लांब मोजे घाला, उघड्या पायावर नको. पलंगावर पाठ टेकून बसा, पोटऱ्यांखाली एक उशी. टाच बुटाच्या तळाशी नीट बसवा, कापडाच्या घड्या हाताने सपाट करा, विशेषतः गुडघ्यामागे, कारण तिथली घडी चिमटा काढते. मग चेन अगदी टोकापर्यंत ओढा. अर्धवट लावलेली चेन पहिल्याच फुगण्यात उसवते, आणि बूट निकामी होण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये दाखवतात, रक्तदाबासारखाच. पहिल्या वेळी ४० ठेवा, २० मिनिटं. दोन-तीनदा वापरून सवय झाली की ६० ते ८०, अर्धा तास. बऱ्याच यंत्रांत त्याहून खूप वर जाता येतं, पण जाण्याची गरज नाही. जास्त दाबाने जास्त आराम हा हिशेब इथे चालत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. तिथून पाऊल वर उचलणारी नस अगदी कातडीलगत जाते. सडपातळ माणसाने तिथे रोज जोराचा दाब घेतला तर पावलावर मुंग्या येतात, आणि दुर्लक्ष केलं तर पाऊल लोंबतं. मुंग्या आल्या की लगेच बंद. बूट काढल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा: पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. रेंगाळलं तर पुढच्या वेळी दाब १०-२० ने उतरवा.

बुटांत झोपू नका. मध्येच वीज गेली तर काही यंत्रांत हवा आतच अडकते. अशा वेळी चेनशी झटापट न करता पंपाकडची नळी उपसा, हवा फुस्सकन निघून जाते.

पंप घरघरतोय पण दाब चढत नाही, ही नेहमीची तक्रार. आधी नळी पायाखाली दुमडलीय का बघा. एकच पाय घातला असेल, तर दुसऱ्या नळीच्या जागी सोबत मिळालेलं बूच लावावं लागतं. ते हरवलं की सगळी हवा तिथून जाते. तरी नाही जमलं, तर जोडाच्या तोंडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर आतलं रबरी कडं झिजलंय. बूट सैल असेल तर गळती नसतानाही कप्पे भरायला वेळ लागतो. म्हणून घेतानाच जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी आणि मांडीचा घेर मोजा. लांब बूट बुटक्या माणसाच्या जांघेत रुततो. अमेरिकेतून कुणी यंत्र आणलं असेल, तर मागच्या चिठ्ठीवर १००–२४० व्होल्ट लिहिलंय याची खात्री करा. नुसतं ११० असेल तर आपल्याकडच्या प्लगला थेट लावलं की पंप जळालाच म्हणून समजा.

वापरून झाल्यावर आतून ओल्या फडक्याने पुसा, चेन उघडी ठेवून सावलीत वाळवा. धुण्याच्या यंत्रात टाकू नका, कप्प्यांचे जोड सुटतात. ठेवताना चौघडी न करता सैल गुंडाळा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत दमट बूट पिशवीत कोंबला, तर काही दिवसांतच आत बुरशीचे ठिपके दिसतात.