माळरानावर स्वतःचा ‘देश’ काढताना

आधी सातबारा आपल्या नावावर हवा. सोलापूरकडच्या मुरमाड माळाचा अर्धा एकरही पुरतो. 1933 च्या माँटेव्हिडिओ करारात राष्ट्राच्या चार अटी आहेत: कायम वस्ती, ठरलेली हद्द, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता. पहिल्या तीन हौसेने जमतात, चौथीवर गाडी अडते.

झेंडा टेरीकॉटचा, 2 बाय 3 फूट; सुती कापड इथल्या उन्हात लवकर विटतं. पासपोर्टवर अशोकस्तंभ नको, राजचिन्हाचा गैरवापर रोखणारा 2005 चा कायदा आडवा येतो. नोटा खऱ्यांसारख्या दिसल्या तर थेट गुन्हा. आकार वेगळा ठेवा, वर चादरीची नक्षी छापा.

शेतसारा मात्र भरत राहा. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटातला मोलोसिया हा असाच स्वयंघोषित ‘देश’ही मालमत्ता कर भरतो, फक्त त्याला ‘परकीय मदत’ म्हणतो!