बायोस उघडत नाही? सेल उपसण्याआधी या चुका टाळा

बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा, मशीनच्या मूळ सेटिंग्जचा प्रोग्रॅम. तो उघडायला डिलीट किंवा एफ२ बडवत राहायचं आणि समोर मात्र थेट विंडोज! अशा वेळी पहिला संशय कीबोर्डवर जातो, दुसरा मदरबोर्डवर. बहुतेकदा दोघंही निर्दोष असतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मशीन 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात शट डाउन करताना विंडोज आपला कर्नल, म्हणजे गाभा, डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. पूर्ण बंद होऊन सुरुवात होते ती 'रिस्टार्ट'ने. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. त्यातही सोपा मार्ग म्हणजे शिफ्ट दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक करणं. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) फर्मवेअर सेटिंग्ज. कुठली की आणि कधी, हा प्रश्नच उरत नाही. हा पर्याय दिसलाच नाही तर 'सिस्टिम इन्फॉर्मेशन' उघडून 'बायोस मोड' बघा. तिथे 'लेगसी' (जुन्या पद्धतीचं बायोस) लिहिलेलं असेल, तर कीशिवाय इलाज नाही.

की प्रत्येकाची वेगळी. डेल आणि एसरच्या लॅपटॉपवर सहसा एफ२, एचपीवर एफ१०, थिंकपॅडवर एफ१, असेम्बल केलेल्या पीसीवर बहुधा डिलीट. ती दाबून धरू नका. पॉवरचं बटण दाबल्याबरोबर सेकंदाला दोन-तीनदा टिचक्या मारत राहा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागतं.

ब्लूटूथ कीबोर्ड इथे सहसा उपयोगाचा नाही, कारण विंडोज येईपर्यंत त्याची जोडणीच झालेली नसते. वायरवाला कीबोर्ड घ्या आणि हब टाळून मागच्या पोर्टमध्ये थेट लावा. 'अल्ट्रा फास्ट' बूट चालू असेल तर विंडोज येईपर्यंत यूएसबी झोपलेलंच राहतं. मग कितीही टिचक्या मारा!

एक गंमत अशी की कधीकधी बायोस उघडलेलं असतं, फक्त दिसत नसतं. पडदा काळा, पण विंडोजही येत नाही, असं झालं तर चित्र दुसऱ्याच पोर्टवर गेलेलं असू शकतं. दोन मॉनिटर असतील तर एकच ठेवा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लावा, मदरबोर्डाला नको.

एवढं करूनही नाही जमलं, तर मशीन बंद करून प्लग काढा आणि सगळ्या डिस्क सोडवा. विंडोज असलेली डिस्कच नसल्यावर बरेच बोर्ड स्वतःहून सेटअपमध्ये जातात, नाहीतर संदेश दाखवून थांबतात. तेव्हा की दाबायला भरपूर वेळ मिळतो.

सीमॉस पुसणं, म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग्ज पुसून मूळ स्थितीत आणणं, शेवटी. त्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर स्वतःच्याच डिस्कबाहेर अडकाल. मग प्लग काढून पॉवरचं बटण १५ सेकंद दाबा आणि मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल दहा मिनिटं बाहेर ठेवा. आजच्या बहुतेक लॅपटॉपवर बायोसचा पासवर्ड सेल काढून जात नाही, त्यासाठी मशीन खोलू नका.

डीडीआर५ रॅमच्या पीसीवर यानंतरच्या पहिल्या बूटला पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. रॅमची जुळणी चाललेली असते. घाबरून मधेच बटण दाबू नका.