डीव्हीडीवर उतरवलेला व्हिडिओ अडखळत असेल तर

लग्नाचे किंवा मुंजीचे चित्रीकरण संगणकावर सुरळीत दिसते, पण त्याची डीव्हीडी करून घरच्या प्लेअरमध्ये घातली की चित्र अडखळू लागते. अशा वेळी एखादे सेटिंग बदलून लगेच दुसरी डिस्क बर्न करण्याचा मोह आवरावा. दोष नेमका कोणत्या टप्प्यावर शिरला हे आधी ठरवले, तर दुरुस्तीला फारसा वेळ लागत नाही आणि कोऱ्या डिस्कही वाया जात नाहीत.

त्यासाठी चित्रीकरणातला एकच मिनिट निवडावा आणि तो चार ठिकाणी पाहावा: मूळ फाइलमध्ये, डीव्हीडीच्या स्वरूपात रूपांतर केल्यावर हार्ड डिस्कवर तयार झालेल्या व्हिडिओ-टीएस फोल्डरमध्ये, बर्न केलेली डिस्क संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून, आणि शेवटी प्लेअरमध्ये. संगणकावर पाहण्यासाठी व्हीएलसी हे व्हिडिओ चालवणारे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. फोल्डरमध्येच चित्र अडखळत असेल, तर दोष रूपांतराचा आहे आणि डिस्कला किंवा प्लेअरला बोल लावण्यात अर्थ नाही.

रूपांतरातला सर्वांत नेहमीचा दोष फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमच्या (स्थिर चित्रांच्या) संख्येचा असतो. आपल्याकडची पाल पद्धतीची डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेम दाखवते, तर मोबाइलवरचे चित्रीकरण बहुधा ३० फ्रेमचे असते. ३० चे २५ करताना साधे सॉफ्टवेअर दर सहावी फ्रेम गाळते. परिणामी कॅमेरा मांडवातून सावकाश फिरताना चित्राला ठरावीक अंतराने बारीक हिसके बसतात. हिसके असे तालात येत असतील, तर कारण दुसरीकडे शोधू नये. ३० फ्रेमच्या चित्रीकरणाची डीव्हीडी एनटीएससी या अमेरिकेत रूढ असलेल्या पद्धतीने, म्हणजे २९.९७ फ्रेम आणि ७२० बाय ४८० या आकारात करणे हा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय आहे, कारण भारतात विकले गेलेले बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धतींच्या डिस्क वाचतात. डिस्क अमेरिकेतल्या नातेवाइकांना पाठवायची असेल, तर एनटीएससीच निवडावी. तिथले अनेक प्लेअर पाल डिस्क चालवत नाहीत.

मोबाइलच्या फाइलमध्ये आणखी एक अडचण असते. प्रकाश कमी झाला की बरेच फोन फ्रेमची संख्या आपोआप घटवतात, त्यामुळे फाइलचा फ्रेम रेट बदलता राहतो आणि रूपांतरानंतर चित्र अडखळते, तसेच आवाजही हळूहळू पुढे-मागे होतो. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडल्यास फ्रेम रेट स्थिर आहे की बदलता, हे कळते. बदलता असल्यास हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर फ्रेम रेटचा पर्याय निवडून उच्च दर्जाची मधली फाइल करावी आणि मग तीच डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरला द्यावी.

चित्र पुढे जाऊन किंचित मागे आल्यासारखे थरथरत असेल, तर फील्डचा, म्हणजे एकाआड एक ओळींनी बनलेल्या अर्ध्या चित्रांचा, क्रम उलटला आहे असे समजावे. मिनी-डीव्ही कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये खालचे फील्ड आधी असते, तर १०८० आय या एचडी चित्रीकरणात वरचे. मूळ फाइलचा जो क्रम असेल, तोच रूपांतरात ठेवावा.

चित्र एरवी ठीक असून काही ठरावीक प्रसंगीच थबकत असेल, तर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वाचावी लागणारी माहिती, तपासावा. मंगलाष्टके संपून अक्षता पडतात, तो क्षण याचे उत्तम उदाहरण आहे: शेकडो दाणे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना उडतात, वर फ्लॅशचा लखलखाट असतो, आणि डीव्हीडीवरचे चित्र आकुंचित करणाऱ्या एमपेग-२ पद्धतीला लागोपाठच्या फ्रेममध्ये सारखे असे फारसे काही सापडत नाही, त्यामुळे बिटरेट एकदम उसळतो. डीव्हीडीच्या मानकानुसार चित्रासाठी सेकंदाला ९.८ मेगाबिट आणि आवाजासह सगळे मिळून १०.०८ मेगाबिट ही कमाल मर्यादा आहे. तरीही घरी बर्न केलेल्या डिस्कचा परावर्तित प्रकाश कारखान्यातल्या छापील डिस्कपेक्षा क्षीण असल्याने, जुन्या प्लेअरची या मर्यादेजवळ दमछाक होते. म्हणून कमाल बिटरेट ८ मेगाबिटवर रोखावा. कार्यक्रम तासाभराचा असेल, तर 'डिस्क पूर्ण भरा' हा पर्याय विशेष धोक्याचा ठरतो, कारण जागा शिल्लक असल्यामुळे सॉफ्टवेअर बिटरेट विनाकारण वर नेते. दोन तासांच्या कार्यक्रमाला ४.७ जीबीच्या डिस्कवर सरासरी सुमारे ४.८ मेगाबिट मिळतात आणि तेवढे पुरतात. आवाज पीसीएमऐवजी (आकुंचन न केलेल्या आवाजाऐवजी) एसी-३ या आकुंचित स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झवर ठेवावा. स्टीरिओ पीसीएम एकटाच दीड मेगाबिट खातो, तर एसी-३ चे काम १९२ ते २५६ किलोबिटमध्ये भागते.

फोल्डर निर्दोष असून डिस्कच अडखळत असेल, तर बर्निंगकडे वळावे. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे कार्यक्रमाच्या शेवटी शेवटी चौकोन दिसू लागले, तर बाहेरच्या कडेकडचे लेखन सदोष झाले असण्याचा संभव मोठा असतो. १६ एक्स (मूळ वेगाच्या सोळा पट) वेग पेलणारी डिस्कही ४ किंवा ८ एक्स वेगाने बर्न करावी आणि इमगबर्न या बर्निंगच्या सॉफ्टवेअरमधली पडताळणी चालू ठेवावी. दुपदरी डिस्क मध्येच एकदा क्षणभर थांबते. थर बदलताना तसे होणे स्वाभाविक आहे.

केवळ प्लेअरमध्येच अडचण येत असेल, तर त्यात एखादी विकतची छापील डिस्क लावून पाहावी. तीही अडखळली, तर लेन्स साफ करून घ्यावी. बर्न केलेल्या डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये, कारण त्याने डिस्कचा तोल बिघडून बाहेरचा भाग नीट वाचला जात नाही. नाव डिस्कसाठीच्या मार्करने लिहावे.