दिव्यांग प्रमाणपत्र आहे, तरी अर्ज नामंजूर? या चुका टाळा

युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, घरी आलं की सवलती आपोआप सुरू होतील, ही समजूत आधी सोडा. दिव्यांगत्व कोणत्या प्रकारचं आणि किती टक्के, एवढंच ते कार्ड सांगतं. अनुदानाचा अर्ज तहसील कार्यालयात जातो, तिकिटाची सवलत रेल्वे ठरवते, करातली सूट प्राप्तिकर खातं देतं, आणि प्रत्येकाच्या अटी निराळ्या.

टक्केवारीचे घोळ

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. पण यादीत आजाराचं नाव आहे म्हणजे काम झालं असं नाही. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आणि उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण किमान ४० टक्के दिव्यांगत्व असेल तरच लागू होतं. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली आणि दुसरा डोळा चांगला असेल, तर केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ३० टक्केच धरले जातात. ऐकायला अन्यायाचं वाटतं, पण तिथे डॉक्टरांशी भांडून उपयोग नाही. तो आकडा तक्त्यातून येतो. दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर ३० आणि २० मिळून ५० होतील असंही गृहीत धरू नका. त्याची बेरीज ठरलेल्या सूत्राने होते आणि उत्तर कमी येतं.

तपासणीत खरोखरच चूक झाली आहे असं वाटत असेल, तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. ते सोडून दुसऱ्या जिल्ह्यात नवा अर्ज टाकणारे आपलंच प्रकरण अडकवून घेतात.

तात्पुरतं प्रमाणपत्र असेल तर त्यावरची मुदत आजच पाहून ठेवा. अनुदान थांबल्यावर धावपळ करण्यापेक्षा मुदत संपण्याआधी फेरतपासणीचा अर्ज केलेला बरा.

दोन योजनांची सरमिसळ

इंटरनेटवर वाचून सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव लागतं. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेला ४० टक्के पुरतात. मात्र वय ६५ च्या आत, राज्यात किमान १५ वर्षं वास्तव्य आणि उत्पन्नाची मर्यादा या अटी आहेत. ४५ टक्केवाला माणूस ८० चा आकडा वाचून अर्जच करत नाही, आणि हक्काचे पैसे राहून जातात.

उत्पन्नाचा दाखला मुलाच्या शाळेच्या कामासाठी काढलेला जुनाच जोडू नका; चालू वर्षाचा काढा. आधार, बँक पासबुक आणि प्रमाणपत्र या तिन्हींवर नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं, आणि खातं आधारला जोडलेलं हवं. मंजुरीनंतर दरवर्षीचा हयातीचा दाखला विसरला की हप्ता बंद. अर्ज नामंजूर झाला असं लोक सांगतात, तेव्हा कित्येकदा एवढंच कारण निघतं.

रेल्वे आणि कर

रेल्वेच्या सवलतीत नुसत्या टक्क्यांना अर्थ नाही. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे बौद्धिक दिव्यांग, पूर्ण अंध, आणि ऐकणं व बोलणं दोन्ही पूर्ण गेलेले, असे चारच गट आहेत. ६० टक्के असूनही एकट्याने प्रवास करता येत असेल तर अस्थिव्यंगाला सवलत नाही. शिवाय प्रमाणपत्र रेल्वेच्या स्वतःच्या नमुन्यातलं लागतं.

दिव्यांग करदात्याची ७५,००० रुपयांची वजावट (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ८०यू), ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,००० रुपयांची, फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी प्रणाली निवडलीत की ती गेली.

मूल १८ वर्षांचं होताना

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगत्व असलेल्या मुलाचे आईवडील त्याच्या अठराव्या वाढदिवसानंतर आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेने सही अडवली की मग हे कळतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. पालकत्वाचा अर्ज तिथे करायचा, आणि आधीच चौकशी करून कागद जमवून ठेवायचे.

एजंट

‘टक्के वाढवून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याच्यापासून दूरच राहा. खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेतल्यास २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि प्रमाणपत्रावर नाव असतं अर्जदाराचं. अर्ज अडला असेल तर त्याच खिडकीवर लेखी कारण मागा आणि तुमच्या पत्राच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी उत्तरावर अपील करता येत नाही.